गोठ्याचे वासे, मांडवाचे बांबू आणि टाकणखाराचे द्रावण: पावसाळ्यापूर्वी घ्यायची खबरदारी

उसाची तोडणी उरकत आलेली असते आणि मृगाला अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो, अशा फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील शेतकरी गोठ्याचे वासे बदलणे, वैरणीचा माच नव्याने बांधणे आणि कारली-दोडक्यांच्या मांडवाची डागडुजी करणे ही कामे हाती घेतात. माणगा किंवा मेसाचा बांबू कोरडा ठेवूनही भुंगेरा लागतो, खाली पिवळसर पीठ सांडू लागते आणि दोन पावसाळ्यांत वासा हाताने मोडण्याइतका पोकळ होतो. यावर उपाय म्हणून लाकूड टिकवणारी रसायने घरच्या घरी कालवण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. पद्धत चुकीची नाही. परंतु पिकावर फवारणी करताना आपण जेवढे सावध असतो, तेवढे या कामात नसतो.

कोणते रसायन घरी कालवायचे आणि कोणते नाही, हा निर्णय आधी करावा. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिड यांचे द्रावण शेतावर तयार करता येते. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), सोडियम डायक्रोमेट आणि बोरिक ॲसिड यांचे, किंवा बोरिकऐवजी आर्सेनिक घातलेले मिश्रण मात्र घरी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आर्सेनिकचे मिश्रण 1930 च्या दशकात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी शोधले आणि जगभर त्यावर लाखो खांब टिकले, हे खरे आहे. तरीही अमेरिकेत 2003 अखेर उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी ते मागे घेतले. डायक्रोमेटच्या नारिंगी-लाल खड्यांतील क्रोमियम कर्करोगकारक असते, हाताच्या लहानशा खरचटीतही ते लवकर न भरणारा व्रण करते, आणि हे खडे लाकडाच्या भुशाजवळ किंवा रॉकेलजवळ ठेवले तर आग लागण्याचा धोका असतो. ज्यांना जमिनीत रोवायचे खांब हवे आहेत त्यांनी दाबयंत्रावर प्रक्रिया केलेले खांब तयार विकत घ्यावेत, किंवा सरळ दगडी अथवा सिमेंटचे खांब उभे करावेत.

याचे कारण असे की टाकणखाराचे द्रावण पाण्याने धुऊन जाते. छपराखालच्या वाशाला ते वर्षानुवर्षे राखते. उघड्या मांडवातून ते पावसागणिक कमी होत जाते आणि मातीत रोवलेल्या बुंध्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. अथणीच्या कोरड्या रानात जे काही हंगाम टिकेल ते कणकुंबी-जांबोटीच्या पावसात टिकणार नाही, हे ध्यानात घेऊनच खर्च करावा. गाडीचे जळके काळे ऑइल बुंध्याला फासण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ते वाळवीला काही काळ अडवते, पण त्यात त्वचेला घातक असे पदार्थ असतात आणि ते मातीत उतरते, म्हणून तीही सवय सोडलेली बरी.

द्रावणाचे प्रमाण सोपे आहे. 100 लिटर पाण्याला 3 किलो टाकणखार आणि 2 किलो बोरिक ॲसिड घेतले की जवळपास 5 टक्क्यांचे द्रावण होते. दोन्ही पदार्थ एकेकटे थंड पाण्यात कष्टाने विरघळतात, एकत्र आले की सहज विरघळतात. खरी जोखीम द्रावणात नसून पूड कोरडी असताना आहे, आणि ती अर्ध्या तासापुरतीच असते. पोते विळ्याने फाडून वरून ड्रममध्ये ओतले की पिठासारखा पांढरा धुरळा उठतो आणि तो ओतणाऱ्याच्या नाकाच्याच उंचीवर तरंगत राहतो. पहिल्या वर्षी मी स्वतः हेच केले होते. तोंडाला टॉवेल गुंडाळला होता, तरी संध्याकाळपर्यंत घसा खवखवत होता आणि टॉवेलच्या आतल्या बाजूलाही पांढरी रेघ उमटली होती. टॉवेल किंवा पदर बारीक धूळ अडवत नाही. त्यासाठी नाकावर नीट बसणारा एन-95 प्रतीचा मास्कच हवा, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही कडेने गळतो.

म्हणून पोते जमिनीवर उभे ठेवून वरची शिवण कात्रीने कापावी आणि पूड लहान डब्याने हळूहळू काढावी. ड्रममध्ये आधी पाणी घ्यावे, पूड नंतर. पुडीवर पाणी ओतल्यास धूळही उडते आणि तळाशी गोळे बसतात. 60 लिटर पाण्यात एक-दोन बादल्या कढत पाणी घालून ते कोमट करावे, डबा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ नेऊन आधी टाकणखार व मग बोरिक ॲसिड सोडावे, आणि लांब दांड्याने दहा-पंधरा मिनिटे, पाणी नितळ दिसेपर्यंत ढवळावे. हात घालून ढवळू नये. त्यानंतर उरलेले पाणी घालून 100 लिटरची खूण गाठावी. ड्रम 200 लिटरचा प्लॅस्टिकचा असावा, म्हणजे बांबू बुडवताना द्रावण काठावरून सांडत नाही. सोयीसाठी याच द्रावणात वाळवीचे कीटकनाशक टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण या दोहोंच्या मिश्रणाची शिफारस कोणत्याही लेबलवर नसते.

जागा उघडी पण वाऱ्याच्या झोतापासून आडोशाची असावी; विहीर, ओढा, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि जनावरांची दावण यांपासून ती दूर असावी. वारा पाठीकडून येईल असे उभे राहावे. डोळ्यांना बंद चष्मा, हातात रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायात गमबूट घालावेत. सुती हातमोजे ओले झाले की औषध कातडीलाच धरून ठेवतात, म्हणून ते न घातलेलेच बरे. गरोदर स्त्रियांनी आणि मुलांनी पूड कालवण्याच्या जागी थांबू नये, कारण बोरिक ॲसिडचा परिणाम प्रजननक्षमतेवर आणि गर्भावर होऊ शकतो. काम चालू असताना विडी, तंबाखू, चहा काहीही तोंडाला लावू नये. तंबाखू पिकवणाऱ्या निपाणी भागात ही सूचना कितपत पाळली जाईल याची आम्हाला कल्पना आहे, तरीही ती देणे भाग आहे.

डोळ्यात उडाल्यास पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने 15 मिनिटे धुवावे. ती पाण्याची कळशी आधीच भरून जवळ ठेवावी, शोधायला लागू नये. अंगावर सांडल्यास कपडे तिथेच काढून साबणाने अंग धुवावे. कोणाच्या पोटात गेल्यास उलटी करवू नये, दूध किंवा तेल पाजू नये. 108 वर रुग्णवाहिका मागवावी आणि पुडीचे पाकीट रुग्णासोबत न्यावे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

उरलेल्या द्रावणाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण ते सूक्ष्म अन्नद्रव्यच आहे असे समजून रानात ओतणारे शेतकरी आहेत. बोरॉन पिकाला लागतो हे खरे, पण अत्यल्प. वर दिलेल्या 100 लिटर द्रावणात सुमारे 690 ग्रॅम बोरॉन असतो. द्राक्षासारख्या नाजूक पिकाला सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम बोरॉनही जड जातो, आणि तेवढ्यापर्यंत हे एक पिंप पातळ करायचे म्हटले तर जवळपास सात लाख लिटर पाणी लागेल. द्रावण खराब होत नाही. ते गाळून झाकण लावून ठेवावे आणि पुढच्या खेपेला त्यातच पाणी व पूड घालून पुन्हा वापरावे. डबे, दांडे आणि हातमोजे विसळलेले पाणीही ड्रममध्येच परत जावे.

बांबू भिजवण्यासाठी खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला असेल तर त्यावर फळ्या टाकून भोवती काटेरी फांद्या लावाव्यात. या दिवसांत धनगरांची मेंढरे रानात बसवलेली असतात आणि जनावरे खारट चवीकडे ओढली जातात. जिथे बाहेरून मोरचुदाच्या प्रक्रियेचे खांब आणले असतील तिथे तर अधिकच दक्ष राहावे, कारण तांब्याचे विष मेंढीला इतर जनावरांपेक्षा फार लवकर भिनते. अशा खांबांचे तुकडे व ढलप्या चुलीत, बंबाखाली किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळू नयेत. आर्सेनिक असलेल्या लाकडाच्या राखेत ते साठून राहते, आणि आपल्याकडे राखेने भांडी घासली जातात, ती वाफ्यातही टाकली जाते.

भिजवलेले बांबू काढल्यावर निथळू द्यावेत व छपराखाली सावलीत, विटांवर उंच रचून वाळवावेत. बांबू वाळेपर्यंत त्यांना हातमोज्यांशिवाय हात लावू नये. चैत्रात वळिवाची एक सर आली तरी उघड्यावरच्या रचाईतले निम्मे कष्ट वाहून जातात, म्हणून ताडपत्री आधीच काढून ठेवावी.

दुकानातून आणलेल्या पाकिटावरचा मजकूर बहुधा इंग्रजी, हिंदी किंवा कन्नडमध्ये असतो. मराठी शाळेत जाणारी आपली मुले कन्नड वाचतात. आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडून तो वाचून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कामापासून दूर ठेवावे. कीटकनाशकांच्या डब्यावरील चौकोनाचा रंग मात्र कोणत्याही भाषेत सारखाच असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. टाकणखार व बोरिक पावडरीवर असा रंग नसला तरी ती मीठ-साखरेसारखी दिसते, त्यामुळे ती स्वयंपाकघरात किंवा धान्याच्या खोलीत ठेवू नये आणि रिकाम्या तेलाच्या वा ताकाच्या भांड्यात काढून ठेवू नये. ड्रमवर ऑइल पेंटने ‘विष’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे, लिपी तेवढी वेगळी. कामाला येणारा गडी दोहोंपैकी कोणती वाचतो हे सांगता येत नसल्याने तो दोन्ही लिप्यांत लिहावा.