पहिला टॅटू काढताय? या चुका टाळा, बहुतेक सुई लागायच्या आधीच होतात

माझ्या मनगटावर बाबांचं अक्षर आहे, त्यांच्या जुन्या वहीतला एकच शब्द, "सांभाळून". काढायला पाऊण तास लागला आणि ठरवायला दीड वर्ष, आणि त्या दीड वर्षात ज्या चुका मी थोडक्यात टाळल्या त्याच इथे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डिझाइन आधी आवडणं आणि अर्थ मागाहून चिकटवणं. जे ठरलंय ते कागदावर काढा, रोज नजर जाईल तिथे लावा आणि निदान तीन-चार महिने तसंच राहू द्या. मी आधी बाबांची सही काढणार होते, पण दोन महिने ती बघून बघून लक्षात आलं की अरे, सही तर ते बँकेच्या कागदांवर करायचे, माझ्यासाठी जे लिहायचे ते हे.

दुसऱ्या संस्कृतीतली नक्षी नुसती छान दिसते म्हणून उचलू नका. न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या ता मोको या पारंपरिक गोंदणात त्या माणसाची वंशावळ असते, म्हणजे ती नक्षी कॉपी करणं हे दुसऱ्याचं घराणं स्वतःच्या अंगावर मिरवण्यासारखंच झालं ना. ज्यांचं ते घराणं नाही त्यांच्यासाठी किरितुही नावाचा वेगळा प्रकार आहे, तो जाणकार कलाकाराकडून करून घ्या.

न येणाऱ्या भाषेतला शब्द तर अजूनच धोक्याचा. 2019 मध्ये गायिका एरियाना ग्रांडेने तळहातावर जपानीत "सात अंगठ्या" असं लिहून घेतलं, पण मधली अक्षरं गाळली आणि उरलेल्या दोन अक्षरांचा अर्थ निघाला कोळशाची छोटी शेगडी. ऑनलाइन ट्रान्सलेटरवर भरवसा नको, ती भाषा लहानपणापासून बोलणाऱ्या दोघांना तरी वेगवेगळं विचारा.

आणि आपल्या देवनागरीत काय चुकणार असं वाटत असेल तर थांबा! काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळतच नाही, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षर तुटून मध्ये पाय मोडलेलं अक्षर दिसतं, आणि कलाकाराला लिपी येत नसेल तर तो जे समोर आहे तेच इमानदारीत गोंदतो. म्हणून शब्द हाताने लिहून त्याचा फोटो द्या. स्टेन्सिल (गोंदायच्या आधीचा डिझाइनचा छाप) त्वचेवर उमटलं की अक्षर न अक्षर वाचा, तेही आरशात नाही, तिथे उलटं दिसतं, फोटो काढून वाचा. माझ्या पहिल्या स्टेन्सिलमध्ये "सां" वरचा अनुस्वारच गायब होता. पुसून पुन्हा लावायला सांगितलं तेव्हा फार अवघडल्यासारखं झालं, पण सांगितलं.

फार बारीक अक्षरं नकोत. शाई त्वचेच्या दुसऱ्या थरात बसते आणि वर्षं जातात तशी थोडी पसरते, मग बारीक अक्षरांची पोटं भरून जातात. बोटांच्या कडा आणि तळवे इथला टॅटू लवकर फिका पडतो.

ट्रायल म्हणून काळी मेहंदी लावू नका, तिच्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं केमिकल असतं आणि त्याने फोड येऊन डाग राहू शकतात. स्टिकरवाला टॅटू बरा.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, शाई एकदाच वापरायच्या छोट्या कपात ओतली पाहिजे, ग्लोव्हज नवे पाहिजेत. हिपॅटायटिस बी आणि सी अस्वच्छ सुईतून पसरतात त्यामुळे इथे भीड नको, कलाकाराला विचारलेलं आवडलं नाही तर सरळ उठून या. जखमेचा व्रण फुगून वाढत असेल (केलॉइड) किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. उपाशी जाऊ नका, चक्कर येते. दारू पिऊनही नाही.

"नाही आवडला तर लेझरने काढू" हा विचार करून बसू नका, त्याला बरेच सेशन लागतात, दोन सेशनमध्ये काही आठवडे जातात, आणि काळी शाई त्यातल्या त्यात सोपी, हिरवी-पिवळी हट्टी.

नंतरचे दोन ते चार आठवडे पोहणं बंद, ऊन टाळा, सौम्य साबणाने धुवून टिपून कोरडं करा आणि पातळसं मलम लावा. पाचव्या-सहाव्या दिवशी मला इतकी खाज सुटली की झोपेत खाजवू नये म्हणून मी पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट घालून झोपायचे. खपली ओढू नका, तिच्यासोबत शाई निघते. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप आला तर कलाकाराला फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.