परमिट रूम चालवताय? या चुका टाळा

गच्चीवर चार टेबलं टाकली, वर दिव्यांच्या माळा सोडल्या आणि पहिल्याच शनिवारी एक्साइजची, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क खात्याची, गाडी दारात. ओळखीतल्या एका मालकाची ही गोष्ट. त्याचा एफएल-३, म्हणजे परमिट रूमचा, परवाना अगदी खरा, फी भरलेली, फ्रेम करून गल्ल्यामागे टांगलेला. पण परवान्याच्या मंजूर नकाशात गच्चीच नव्हती. त्यामुळे खाली ओतलेला पेग कायदेशीर आणि त्याच बाटलीतला वर नेलेला पेग गुन्हा.

‘हॉटेलला परवाना आहे’ असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर तो नकाशातल्या तेवढ्याच जागेला असतो. भिंत पाडून फॅमिली सेक्शन वाढवायचा असो की पार्किंगमध्ये खुर्च्या टाकायच्या असोत, आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. गच्चीसाठी पालिका आणि अग्निशमन दलाची परवानगी वेगळी. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलची आग गच्चीवरच्या पबमध्येच भडकली आणि १४ जण गेले. तिथे ‘चालतंय की’ म्हणू नका.

दुसरी चूक जागेची नाही, माणसाची. दरमहा ठरावीक रक्कम घेऊन परवाना परस्पर दुसऱ्याला चालवायला देतात आणि नोटरी केलेल्या कागदावर निश्चिंत राहतात. एक्साइजपुढे त्या कागदाला किंमत नाही. भागीदार आत घ्यायचा किंवा बाहेर काढायचा तर आधी परवानगी लागते. वडील वारले तर वारसांची नोंद लगेच करा. ३१ मार्चच्या नूतनीकरणाला हे हमखास अडतं.

नोकरनाम्याचंही, म्हणजे दारू देणाऱ्या नोकरांच्या नावांच्या एक्साइजकडच्या नोंदीचंही, तसंच. वेटर दिवाळीला गावी जातो तो परत येत नाही, त्याच्या जागी आलेला पोरगा पेग ओततो आणि नोकरनाम्यात नाव अजून जुन्याचंच. साठ्याची वही ‘उद्या लिहू’वर ठेवली, तर रॅकवरच्या बाटल्या आणि वहीतले आकडे जुळत नाहीत. तपासणीला आलेला अधिकारी आधी हेच दोन्ही मागतो.

गिऱ्हाइकाचं वय विचारायला लाजू नका. बिअर-वाइनला २१, व्हिस्की-रम आणि देशीला २५. अठरा कशालाच नाही. ड्राय डे म्हणजे फक्त २ ऑक्टोबर नव्हे. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकान बंद, मतमोजणीलाही बंद.

दारूच्या परवान्यात गाणंबजावणं येत नाही. ऑर्केस्ट्रा, डीजे ठेवायचा तर पोलिसांचा परवाना वेगळा, आणि उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री १० ला बंद. नृत्य असेल तर बारमधल्या नृत्यावरचा २०१६ चा कायदा लागतो, तो आणखी कडक.

फार्महाउसवर पार्टी ठेवणाऱ्यांनी एक दिवसाचा एफएल-४अ परवाना काढावा. गोव्याहून स्वस्तात आणलेली खोकी तिथे उघडू नका. बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ छापलेलं असतं, पुरावा शोधावा लागत नाही.

आणि नोटीस आलीच, तर साहेबांना ‘भेटून’ मिटवायच्या भानगडीत न पडता मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या. जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना निलंबित केला तर आयुक्तांकडे अपील करता येतं.

त्या गच्चीवाल्याच्या सगळ्या परवानग्या हातात आल्या तेव्हा मृग लागला होता.