लघवीच्या जागेचा त्रास आणि पुरुषांची लाज: या चुका टाळा

"डाक्टरसाहेब, कमजोरी हाये. ताकदीचं इंजेक्शन द्या." प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरुष असं म्हणतो, तेव्हा पुष्कळदा खरी तक्रार कमरेखालची असते. डॉक्टर ऐकतात ती कमजोरी, लिहून देतात त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणि दुखणं होतं तिथंच राहतं. भलतीच तक्रार सांगणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक.

लाज जाईपर्यंत थांबायची गरज नाही. सांगायचं वाक्य तेवढं घरूनच ठरवून न्या. केसपेपरच्या खिडकीवर मागे रांग असते, तिथे "लघवीचा त्रास" एवढंच पुरे. आत गेल्यावर "एकट्यात सांगायचं आहे" म्हणा. मग चार गोष्टी सांगा: कुठे, किती दिवसांपासून, नेमकं काय होतं (खाज, फोड, पू, सूज, ताठरता न येणं) आणि आतापर्यंत काय लावलं, काय खाल्लं. शब्द फुटत नसेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे करा. डॉक्टर मॅडम असल्या म्हणून परत फिरू नका. तपासणीच्या वेळी पुरुष कर्मचारी हजर ठेवा, असं म्हणता येतं. गावची आशाताई नात्यातली निघते, ही अडचण खरी आहे. अशा वेळी उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकाला गाठा, नाहीतर सरळ तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा.

दुसरी चूक मेडिकलवर होते. भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत ओली चड्डी दिवसभर अंगावर राहते, जांघेत गजकर्ण, म्हणजे बुरशीची खाज, उठतं. "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की हातात येते ती बहुधा तीन-चार औषधांची मिसळ. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस खूश होतो. पण स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दबते, बुरशी आत पसरत राहते, कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेघा उठतात. डॉक्टरांनी दिलेलं नुसतं बुरशीचं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावा. डाग गेला तरी निदान दोन आठवडे चालू ठेवा. बहुतेकांचं गजकर्ण परत उलटतं ते मलम लवकर थांबवल्यामुळे. टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात धुवून उलटे करून उन्हात, आणि घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्याचाही इलाज सोबतच.

ताठरता येत नाही म्हणून बाजारातल्या तंबूत किंवा भिंतीवरच्या 'शर्तिया इलाज'वाल्याकडे जाण्याआधी साखर आणि बीपी तपासा. साखरेने आणि तंबाखूने रक्तवाहिन्या खराब होतात, आणि दिवसभर गालात खर्रा ठेवणाऱ्याने हा हिशोब स्वतःशी मांडून पाहावा. हृदयाचा त्रास सुरू व्हायच्या काही वर्षं आधीही ताठरता न येणं ही खूण दिसू शकते. शिश्नाची पुढची कातडी वारंवार सुजते, चिरा पडतात, पांढरा थर येतो, हीसुद्धा मधुमेहाची पहिली चाहूल असू शकते. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त आली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दुखण्यासाठी जिभेखालची गोळी घेत असाल तर ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका. दोन्ही मिळून बीपी एकदम कोसळतं, जीवही जाऊ शकतो.

'धातू जाते' ही भीती मात्र बिनबुडाची. झोपेत वीर्य जाणं हा रोग नाही, त्याने रक्त आटत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

अंडकोश हळूहळू मोठा होत असेल तर सैल पायजम्यात वर्षानुवर्षं लपवू नका. पूर्व विदर्भात हत्तीरोग जुना आहे आणि डासांमुळे पसरणाऱ्या या रोगात अंडकोशात पाणी साठतं. कोणाकडून तरी सुईने पाणी काढून घेतलं तर ते पुन्हा भरतं, वर पू होण्याचा धोका. हत्तीरोगाच्या गोळ्या जंतूंवर काम करतात, साठलेलं पाणी त्यांनी जात नाही. त्याला ऑपरेशन लागतं. सरकारी रुग्णालयात ते मोफत होतं. सूज हर्नियाची आहे की पाण्याची, हे तपासणीशिवाय ठरवू नका.

लघवीतून पू किंवा लिंगावर जखम असेल तर एकट्याने गोळ्या घेऊन भागत नाही. बायकोला औषध दिलं नाही तर तोच आजार परत तुमच्याकडे येतो. दोघांचा इलाज पूर्ण होईपर्यंत संबंध टाळा, सोबत एचआयव्हीची तपासणी करून घ्या. ती सरकारी रुग्णालयात मोफत असते आणि नाव गुप्त ठेवलं जातं. तोंड दाखवायचंच नसेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारा, फोन मोफत आहे.

एका बाबतीत मात्र सकाळची वाट पाहू नका. पोराच्या एका अंडात अचानक जोराची कळ आली, उलटी झाली, तर अंडाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तरच अंड वाचायची चांगली आशा असते. पोरगा लाजून "पोट दुखते" म्हणेल. कुठे दुखतं ते नीट विचारा, आणि रात्र असली तरी 108 लावा.