डोळ्यांच्या खाजेवरचे अ‍ॅलर्जी ड्रॉप्स: बाटलीवर काय वाचायचं आणि थेंब कसा टाकायचा

पाऊस संपत आला की रस्त्याकडेला गाजर गवत माजलेलं असतं, त्यात दिवाळीची साफसफाई, माळ्यावरच्या गाद्या-गोधड्या खाली, धूळ नुसती, आणि मग घरातला एक तरी माणूस दिवसभर डोळे चोळत बसतो आणि संध्याकाळी मेडिकलमध्ये जाऊन म्हणतो, डोळ्यांचे ड्रॉप्स द्या हो. खरी गडबड इथेच होते. डोळ्यांचे ड्रॉप्स म्हणजे काय एकच औषध आहे का!

आधी बघा की ही अ‍ॅलर्जीच आहे ना. अ‍ॅलर्जीत खाज येते, मरणाची येते, बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना, पाणी पातळ किंवा तारेसारखं चिकट, आणि सोबत शिंका, नाक गळणं असलं तर विषय जवळपास मिटलाच. खाज फारशी नाही पण सकाळी पापण्या पिवळ्या चिपडांनी चिकटल्यात, किंवा एका डोळ्यापासून सुरू होऊन दुसऱ्यात गेलं आणि घरात अजून कोणाचे तरी डोळे आलेत, तर ते इन्फेक्शन असायची शक्यता जास्त. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, आठवत असेल, ती अ‍ॅलर्जी नव्हती, त्यावर हे ड्रॉप्स चालत नाहीत. आणि डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, काही लागलंय किंवा केमिकल उडालंय, यातलं काहीही असेल तर ड्रॉप्स राहू द्या, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. केमिकल उडालं असेल तर मात्र जागच्या जागी नळाखाली डोळा भरपूर धुवायचा, मग निघायचं.

आता बाटली. वरचं मोठं ब्रँडचं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा. अ‍ॅलर्जीसाठी डॉक्टर साधारण ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेन लिहून देतात, ही औषधं खाज आणणारं हिस्टामिन अडवतात आणि ज्या पेशींतून ते सुटतं त्यांनाही शांत ठेवतात, म्हणून आराम काही मिनिटांत वाटायला लागतो पण पूर्ण फायदा रोज नेमाने टाकल्यावर दिसतो. ओलोपॅटाडिन ०.१ टक्के असेल तर दिवसातून दोनदा, ०.२ टक्के असेल तर एकदाच. म्हणजे एकाच औषधाच्या दोन बाटल्यांचा डोस वेगळा, त्यामुळे शेजारणीने सांगितलं दोनदा टाक म्हणून टाकलं असं करू नका. केटोटिफेन ०.०२५ टक्के साधारण दर ८ ते १२ तासांनी.

नावाच्या शेवटी डी, डीएक्स, एलपी अशी शेपटी दिसली तर तिथेच थांबा. बऱ्याचदा तिचा अर्थ आत स्टेरॉइड आहे असा असतो, डेक्सामेथासोन किंवा लोटेप्रेडनॉल. कधीकधी शेपटी नसते तरी स्टेरॉइड असतं, म्हणून घटकच वाचायचे. याने खाज झटकन जाते, म्हणून तर लोक तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतात, जुनी चिठ्ठी दाखवून किंवा चिठ्ठीशिवायच, आणि महिनोन्महिने टाकत राहिलं तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. स्टेरॉइड वाईट औषध आहे असं नाही, डॉक्टर गरज असली की देतातच, पण ते प्रेशर तपासत तपासत द्यायचं औषध आहे.

दुसरा प्रकार लाली घालवणारे ड्रॉप्स, नाफाझोलिनवाले. डोळा पांढराशुभ्र दिसतो खरा, पण दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टाकलं की औषध उतरल्यावर लाली आणखी वाढते. काचबिंदू किंवा बीपी असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय नकोच. आणि ही बाटली लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, थोडंसं पोटात गेलं तरी गंभीर त्रास होतो.

टाकायचं कसं? हात साबणाने धुवायचे. नवीन बाटलीचं टोक काही वेळा बंद असतं आणि झाकणाच्या आत छोटा काटा असतो, झाकण घट्ट फिरवलं की भोक आपोआप पडतं. सेफ्टी पिन, टाचणी, सुई काही खुपसायचं नाही, भोक मोठं होतं आणि घाण आत जाते. मग मान मागे, नजर वर, खालची पापणी बोटाने जरा ओढली की खिसा तयार होतो, त्यात एक थेंब. एकच! डोळ्यात तेवढंही नीट मावत नाही, दुसरा थेंब गालावरून ओघळतो आणि बाटली लवकर संपते एवढंच. टोक पापणीला, पापणीच्या केसांना टेकू द्यायचं नाही. नंतर डोळा अलगद मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं हलकं दाबून धरा, औषध डोळ्यातच राहतं, घशात कडू चव उतरत नाही. मिचमिच करायचं नाही. थोडं चुरचुरेल, थोडं धूसर दिसेल, ते जाईपर्यंत गाडी काढू नका.

दुसरेही ड्रॉप्स असतील तर मध्ये निदान ५ मिनिटं जाऊ द्या, मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी लेन्स काढूनच टाकायचं आणि १०-१५ मिनिटांनी परत घालायच्या, कारण बऱ्याच बाटल्यांतलं प्रिझर्व्हेटिव्ह सॉफ्ट लेन्स शोषून घेते. डोळे लाल असतील तर लेन्स घालूच नका. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख पेनाने लेबलवर लिहा, साधारण ४ आठवड्यांनी ती फेकायची, मग छापलेली एक्सपायरी पुढच्या वर्षीची का असेना. घरातल्या सगळ्यांना मिळून एक बाटली हे तर नकोच.

चोळणं बंद, हे सगळ्यात अवघड. चोळलं की त्याच पेशींतून आणखी हिस्टामिन सुटतं आणि खाज वाढते, शिवाय वर्षानुवर्षं जोरात चोळणाऱ्यांत बुबुळ पातळ होऊन पुढे येण्याचा आजार जास्त दिसतो. त्याऐवजी स्वच्छ रुमाल थंड पाण्यात बुडवून, पिळून, मिटल्या डोळ्यांवर ठेवा. बाहेरून आलात की तोंड धुवा, गाडीवर गॉगल लावा, उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवा. गुलाबपाणी, मध, धण्याचं पाणी डोळ्यात घालू नका, आजीने सांगितलं असलं तरी.

लहान मुलांना, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला डॉक्टरांना विचारूनच द्या. मूल दर उन्हाळ्यात डोळे चोळत असेल, उजेडात डोळे उघडत नसेल, तर दरवर्षी मेडिकलमधून बाटली आणत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडून नीट तपासून घ्या. मोठ्यांनीही दोन-तीन दिवसांत काहीच फरक वाटला नाही तर बाटली बदलत बसण्यापेक्षा तेच करावं, आणि जाताना आत्तापर्यंत टाकलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात.