पाहुणे येण्याआधी घर निर्जंतुक करताना: फवारलं की लगेच पुसू नका

पाहुणे यायचे म्हटलं की आपण फरशी चकचकीत करतो. पण फरशीला कुणी हात लावत नाही. हात लागतात ते दाराच्या कड्यांना, स्विचबोर्डना, नळांना, फ्लशच्या बटणाला, फ्रिजच्या मुठीला, जिन्याच्या कठड्याला, खुर्च्यांच्या पाठींना आणि रिमोटला. वेळ कमी असेल तर फरशी राहू द्या, एवढंच करा.

आधी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. तेलकट, मळकट थरावर जंतुनाशक नीट काम करत नाही, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

मग द्रावण. घरगुती ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर गार पाण्यात २० मिलि पुरे. गरम पाण्यात त्याचा जोर जातो. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका, अगदी काहीही. टॉयलेट क्लीनरमधल्या आम्लाशी गाठ पडली तर क्लोरिन वायू सुटतो, अमोनियाशी पडली तर क्लोरामाइन. हे दोन्ही वायू फुप्फुसांना घातक आहेत. ‘दोन औषधं मिळून दुप्पट काम करतात’ हा सल्ला जिथे दिसेल तिथे खोडून काढा. व्हिनेगरने काम भागतं हेही खरं नाही. तो जंतुनाशक म्हणून भरवशाचा नाही आणि ब्लीचबरोबर तर चालतच नाही.

आता खरी अवघड पायरी, जी जमायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. जंतुनाशक लावल्याक्षणी जंतू मरत नाहीत. पृष्ठभाग ठरावीक वेळ ओला राहावा लागतो. हा वेळ बाटलीवर बारीक अक्षरात छापलेला असतो, आणि काही द्रावणांसाठी तो १० मिनिटांपर्यंत जातो. वर दिलेलं ब्लीचचं द्रावण निदान १ मिनिट तरी ओलं राहायला हवं. ‘फवारा आणि पुसा’ असं सांगणारे वास पसरवतात, जंतू तसेच राहतात.

सपाट ओट्यावर हे सोपं आहे. उभ्या कडीवरून मात्र द्रावण ओघळून जातं, पंखा चालू असेल तर लगेच सुकतं. म्हणून पंखा बंद करा आणि फवाऱ्याऐवजी ओलं फडकं वापरा. कडीची मागची बाजू, जिथे बोटं वळतात, ती विसरू नका. वेळ संपण्याआधी सुकलं तर पुन्हा ओलं करा. एक खोली ओली करून पुढच्या खोलीत जायचं, मग मागे येऊन पुसायचं. घड्याळाकडे बघत उभं राहावं लागत नाही.

मळलेलं फडकं द्रावणात परत बुडवू नका. मळ ब्लीचमधला क्लोरिन खाऊन टाकतो आणि उरलेली बादली नुसतं वासाचं पाणी होते. फडकं दोनदा दुमडलं की वापरायला आठ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी घ्या, आठही संपल्या की नवं फडकं. संडास-बाथरूमचं फडकं वेगळं, आणि तिथलं काम शेवटी.

विजेच्या वस्तूंवर कधीही थेट फवारू नका. रिमोट, फोन आणि स्विचबोर्डसाठी ७० टक्के अल्कोहोल फडक्यावर घ्या, ते पिळून घ्या आणि मगच पुसा. शंभर टक्क्यांच्या जवळचं अल्कोहोल जास्त प्रभावी असेल असं वाटतं, पण तसं नाही. जंतूंची प्रथिनं मोडायला सोबत पाणी लागतं, शिवाय ते फार लवकर उडून जातं. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर मात्र अल्कोहोलवर विसंबू नका. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस त्याला फारशी दाद देत नाही. तिथे ब्लीचच, तेही बाटलीवर सांगितलेल्या जास्त तीव्रतेचं.

ब्लीच लावलेले नळ आणि धातूच्या मुठी नंतर साध्या पाण्याने पुसा, नाहीतर गंजतात. जेवणाचं टेबलही तसंच धुऊन घ्या. संगमरवर आणि लाकडावर ब्लीच नको.

हे सगळं पाहुणे येण्याच्या तास-दीड तास आधी आटपा, म्हणजे वास जाईल. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, २४ तासांत ते निकामी होत जातं. पुढच्या वेळी ताजं बनवा.