ईटिंग डिसऑर्डरमधून बरं होताना पोट, गाल, मांड्या बदलतात तेव्हा काय करायचं

सगळ्यात अवघड गोष्ट आधीच सांगते. उपाशी राहायला, उलट्या काढायला लावणाऱ्या या आजारातून बाहेर येताना नीट खायला लागलं की शरीर सगळीकडून एकसारखं भरत नाही. पोट पहिले पुढे येतं, गाल सुजल्यासारखे दिसतात, संध्याकाळपर्यंत घोट्याशी मोज्याचा वळ उमटतो, हात मात्र अजून होते तसेच. आणि नेमकं तेव्हाच डोकं ओरडायला लागतं की बघ हेच होणार होतं, आता थांब. खूप जण परत उपाशी राहायला किंवा उलट्या काढायला लागतात ते याच टप्प्यावर, आणि त्यांना कोणी आधी सांगितलेलंच नसतं की असं होणार आहे. मी यातून गेलेली आहे, भुसावळला राहते, आपल्याकडे यावर मराठीत बोलणारं माणूस सापडायला किती वेळ लागतो ते मला माहितीये, म्हणून लिहितेय.

खाली जे जे सांगतेय त्या सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे. शरीर कसं दिसतंय यावरून आजच्या जेवणाचा निर्णय घ्यायचा नाही. शरीर आवडलंच पाहिजे अशी सक्ती स्वतःवर करू नका, ते नंतर बघू, कदाचित कधी फार आवडणारही नाही, चालेल. ताट मात्र वेळेवर.

आत नेमकं काय चाललेलं असतं

हे समजून घ्या कारण भीती निम्मी यानेच कमी होते. उपाशी शरीरातला साखरेचा साठा, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, संपत आलेला असतो. जेवण सुरू झालं की तो परत भरतो आणि भरताना सोबत पाणी धरून ठेवतो. इन्सुलिन वाढलं की किडनी मीठही जास्त धरते, त्याच्यामागे परत पाणी. म्हणून सुरुवातीला काट्यावर जे भराभर वाढलेलं दिसतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. ज्यांना उलट्या काढायची किंवा जुलाबाच्या गोळ्या, चूर्ण घ्यायची सवय होती त्यांच्यात हे जास्त दिसतं, कारण इतके दिवस पाणी कमी पडत होतं तर शरीराने मीठ वाचवणारे हार्मोन वाढवून ठेवलेले असतात आणि सवय बंद केल्या केल्या ते लगेच खाली येत नाहीत. काही आठवडे सूज राहू शकते. गालाचं पण तसंच, उलट्या बंद केल्यावर कानाखालच्या लाळेच्या ग्रंथी सुजतात, चेहरा चौकोनी वाटतो, तो भाग थोडा दुखतो, आणि हळूहळू उतरतं.

इथे एक चूक जिवावर बेतू शकते. सूज उतरवायला मेडिकलमधून लघवी होण्याच्या गोळ्या आणायच्या नाहीत, परत जुलाबाची गोळी घ्यायची नाही, आपल्या मनाने पाणी बंद करायचं नाही. याने रक्तातलं पोटॅशियम नावाचं क्षार घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात तर हे खेळ अजिबात नकोत. पाय उशीवर उंच ठेवून पडा, आणि बोटाने दाबल्यावर खड्डा राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता पोट. पोटाचे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकच समजतात. पहिला प्रश्न फुगण्याचा. कमी खाण्याने जठर संथ झालेलं असतं, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, चार घासात पोट टम्म, गॅस, जडपणा, पहाटेपर्यंत ढेकर. हे खरंच होतं, तुमच्या मनाचे खेळ नाहीत, पण यावरचं औषधही नियमित खाणंच आहे, रोज वेळेवर काम मिळालं की आतडी काही आठवड्यांत परत चालायला लागतात. दुसरा प्रश्न चरबीचा. अनोरेक्सियानंतर, म्हणजे वजनाच्या भीतीने खाणं फार कमी करण्याच्या आजारानंतर, वजन परत येतं तेव्हा चरबी पहिले पोट, कंबर, धड इथे जास्त बसते, हातापायांवर नंतर. दुष्काळ काढलेलं घर पहिलं पीक हातात आलं की लुगडी-दागिने घेण्याआधी कणगी भरतं ना, तसं. वजन तुमच्या शरीराला हवं तिथे टिकून राहिलं तर पुढच्या एखाद वर्षात, कोणाला त्याहून जास्त वेळ लागेल, ही वाटणी बऱ्यापैकी सारखी होत जाते. पण टिकून राहिलं तर. मध्येच घाबरून परत कमी केलं की शरीर परत दुष्काळाच्या तयारीला लागतं आणि तोच टप्पा पुन्हा पहिल्यापासून.

हे फक्त आपल्याला होतं असं वाटत असेल तर अमेरिकेतला मिनेसोटाचा प्रयोग माहिती असू द्या. १९४४-४५ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं आणि मग परत खायला दिलं. यांना कोणाला ईटिंग डिसऑर्डर नव्हता. तरी खायला मिळाल्यावर त्यांची भूक कित्येक महिने शमत नव्हती, पोट-कंबरेला चरबी आधी आली, काही काळ ती पहिल्यापेक्षा जास्त होती, आणि मग पुढे ती हळूहळू कमी झाली. म्हणजे ही भूक आणि हे पोट उपासमारीनंतर शरीर करतं तेच आहे, तुमचा संयम सुटला असा त्याचा अर्थ लावू नका.

घाम येतो रात्री, तेही यातच आलं. केस गळतात, खरं तर कधीकधी खायला लागल्यावर जास्त गळाल्यासारखे वाटतात, मग कपाळाशी बारीक नवे केस दिसतात. पाळी परत यायला वेळ लागतो, आणि पाळी आली म्हणजे झालं बरं, आता बस करा, असंही नाही.

रोजचं जेवण आणि फुगलेलं पोट

तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा काहीतरी, तीन-चार तासांपेक्षा जास्त गॅप नको. प्रमाण किती ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील, मी किंवा फोनवरचं ॲप नाही. फुगत असेल तर जेवणाआधी ग्लासभर पाणी किंवा दोन कप चहा ढोसू नका, काकडी-कोबीच्या डोंगराने ताट भरू नका, त्याने पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. मऊ खिचडी वर तूप, दही-भात, केळं (आपल्याकडे रावेर-यावलची केळी असताना दुसरं काय शोधायचं), शेंगदाण्याचा लाडू, हे थोडक्यात बरंच देतात. गरम पाण्याची पिशवी पोटावर, जेवणानंतर डाव्या कुशीवर टेकणं किंवा कोणाशी तरी बोलत बसणं, पण एकटं बाथरूमजवळ नको.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपलं जेवण तिखट, काळ्या मसाल्याचं, शेवभाजीवर तर्री. पोटाला झोंबत असेल तर तिखट कमी करा, अगदी करा, पण "मला तेलकट चालत नाही" हे वाक्य कोण बोलतंय ते तपासा, पोट बोलतंय की आजार. डाळ-बट्टीतली बट्टी तूप न लावता खायची, भरताबरोबर पुरी नको नुसतं भरित, अशा लहान लहान वजाबाक्यांतूनच आजार परत घरात शिरतो.

उपवासांचं पण बोलावंच लागेल. श्रावण सोमवार, एकादशी, नवरात्र, बरं होण्याच्या काळात सगळे बंद, आणि घरात याला विरोध झाला तर डॉक्टरांकडून आई-आजीसमोर सांगून घ्या, औषधपाण्यावर असलेल्या माणसाला देव सूट देतो हे आपल्या आज्ज्यांना चांगलं माहिती असतं. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे आपल्याकडे कितीतरी, यंदा तुमची वारी एसटीने होऊ द्या किंवा पुढच्या वर्षी.

आरसा, काटा, कपडे

वजनकाटा घरातून बाहेर. माळ्यावर नाही, बाहेर, कारण माळ्यावरून काढता येतो. वजन डॉक्टरांकडेच, तेही काट्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आकडा मला सांगू नका म्हणायचं, हे मागायला लाजू नका.

पोटाची चिमूट धरणं, मनगटाला बोटांचा वेढा घालून बघणं, बसल्यावर मांडी किती पसरते ते पाहणं, गाडीच्या काचेत, दुकानाच्या शटरमध्ये, दिसेल तिथे स्वतःला बघणं, हे सगळं तपासणं आहे आणि जितकं तपासाल तितकी भीती वाढते. एकदम बंद होणार नाही. आधी नुसतं लक्षात घ्या की दिवसात कधी होतं, मग एकेक जागा कमी करा. आरसा कामापुरता: भांग, टिकली, दाढी, झालं, पुढे चला. पूर्ण आरसा टाळून फक्त पोटाकडे झुकून बघणं ही वाईट सवय आहे, बघायचंच तर एक पाऊल मागे, डोक्यापासून पायापर्यंत. फोन आपोआप जुने फोटो वर आणतो, त्या तारखांचे फोटो तिथून लपवता येतात, आजच करून टाका.

कपड्यांवर मी जास्त बोलेन कारण रोज सकाळी पहिला मार तिथेच बसतो. घट्ट चुडीदार, जुनी जीन्स कपाटात ठेवून "एक दिवस परत होईल" म्हणत बसलात तर ती जीन्स रोज तुमच्याशी भांडते. गाठोडं बांधून बहिणीच्या घरी पाठवा, धीर झाला की देऊन टाका. नवीन घ्यायला जळगावच्या फुले मार्केटला गेलात तर सोबत असं कोणी न्या जे साईजवर बोलणार नाही, दोन माप मागवा, अंगात घालून बसून बघा, हात वर करून बघा, जो टोचत नाही तो घ्या आणि घरी येऊन लेबल कापून टाका. नाडीची सलवार, इलास्टिकचा पायजमा, सैल कॉटनचा कुर्ता, उन्हाळ्यात तर हेच बरं, घामाने चिकटलेलं कापड दिवसभर पोटाची आठवण करून देतं. ब्लाउज शिवायला टाकताना शिंपीणताईंना आधीच सांगा की आत भरपूर माया ठेवा, आणि माप घेताना आकडा मोठ्याने बोलू नका, वहीत लिहा. त्या ऐकतात. लग्नसराईत ऐनवेळी ब्लाउज बसला नाही म्हणून जेवण सोडण्यापेक्षा एक शिलाई उसवणं केव्हाही सोपं.

लोकांची तोंडं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळा गोतावळा एकत्र येतो, झोके बांधलेले, आमरस, खापरावरचे मांडे, आणि त्यातच कोणीतरी ओट्यावरून म्हणणार, "जाडी व्हई गई वं तू!" किंवा प्रेमाने, "तब्येत सुधारली हो पोरीची." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, आपल्याकडे अंग भरणं म्हणजे सुख लागणं, पण ते वाक्य कानात पडल्यावर मांडा घशाखाली उतरत नाही. म्हणून तयारी आधी. आईला किंवा जिच्यावर भरवसा आहे त्या काकूला चार दिवस आधी सांगा की माझ्या दिसण्यावर कोणी बोललं तर विषय तू बदल. स्वतःसाठी एक वाक्य पाठ ठेवा, "हो आत्या, आता बरं आहे, तुमचा गुडघा कसा आहे?" आणि खरंच गुडघ्याचं ऐका. समजावत बसू नका, ईटिंग डिसऑर्डर म्हणजे काय हे आखाजीच्या पंगतीत समजावता येत नाही. वाक्य लागलंच तर उठून पाच मिनिटं गच्चीवर जा, रडा हवं तर, आणि परत येऊन उरलेलं जेवण पूर्ण करा.

मुलांना हे होत नाही हा गैरसमज डोक्यातून काढा. पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राऊंडवर पळणारी, जिममध्ये पोटावर पट्टे काढायच्या नादात जेवण सोडणारी पोरं आपल्याच गल्लीत आहेत, आणि बरं होताना पोट सुटलं की त्यांना तर बोलायलाही जागा नसते. मित्र असाल तर विचारा.

घरच्यांनी एवढंच करा: दिसण्यावर बोलू नका, चांगलंही नको. "आता कशी छान भरलीस" हेही नको. "आज आवाजात जोर आहे", "किती दिवसांनी खळखळून हसलास" हे चालतं. घास मोजू नका, सोबत जेवायला बसा. आणि तुमचं स्वतःचं डाएट, वजन, "मी तर रात्रीचं सोडलंय" या गप्पा त्या ताटावर अजिबात नकोत.

कधी वाट न बघता लगेच दाखवायचं

खूप दिवस फार कमी खाल्लं असेल तर एकदम भरपूर खायला सुरुवात घरच्या घरी करू नका, रक्तातलं फॉस्फेट घसरून धोका होतो, सुरुवात डॉक्टरांच्या नजरेखाली आणि रक्ततपासण्या करत. छातीत धडधड, दम लागणं, चक्कर येऊन पडणं, पायांवर झपाट्याने सूज, बरळल्यासारखं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की पहाट, हॉस्पिटल गाठा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, इमर्जन्सी नसेल तेव्हा तिथल्या मानसोपचार विभागाची ओपीडी गाठा. आत गेल्यावर नुसतं "अशक्तपणा आहे" म्हणू नका, टॉनिक लिहून देतील. स्पष्ट सांगा: मी इतके महिने खाणं कमी केलं होतं, उलट्या काढत होते किंवा नव्हते, आता खातेय आणि शरीर बदलतंय ते सहन होत नाहीये. बोलायला जमत नसेल तर कागदावर लिहून न्या आणि तो कागद टेबलावर ठेवा.

स्वतःला संपवण्याचे विचार आले, किंवा रात्री दोनला नुसतं कोणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर टेली-मानस, नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२.