कुत्रीच्या स्तनातली गाठ: पुढचा अंदाज कसा बांधायचा

नसबंदी न झालेल्या, वय झालेल्या कुत्रीत स्तनाची गाठ वारंवार आढळते. ढोबळमानाने निम्म्या गाठी साध्या निघतात, निम्म्या कर्करोगाच्या. त्यामुळे 'आता किती दिवस?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारू नका. गाठीचा आकार, लसिकाग्रंथी (शरीरातला लसिका नावाचा द्रव गाळणाऱ्या ग्रंथी), फुफ्फुसं आणि बायोप्सी (गाठीच्या ऊतकाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) या चार गोष्टी हाती आल्याशिवाय त्याला खरं उत्तर नसतं.

सुरुवात घरीच करा. कुत्रीला पाठीवर किंवा कुशीवर झोपवा आणि दोन्ही बाजूंची आचळं छातीपासून जांघेपर्यंत एकेक करून बोटांनी चाचपा. साधारणपणे पाच जोड्या असतात आणि गाठी जास्त करून मागच्या दोन जोड्यांत होतात. लांब केसांत लहान गाठ सहज निसटते, म्हणून केस बाजूला करूनच बघा. प्रत्येक गाठ मोजपट्टीने मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. 3 सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर आशा चांगली, 3 ते 5 मधली पायरी, 5 च्या वर गेली तर काळजीचं. गाठ त्वचेला किंवा खालच्या स्नायूला चिकटली असेल, फुटली असेल किंवा भराभर वाढत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. 'महिनाभर बघू या' असं म्हणण्यात सगळ्यात मोठं नुकसान होतं, कारण या चारांपैकी आकार ही एकच गोष्ट थोडीफार आपल्या हातात असते.

पुढच्या आचळांतल्या लसिकेचा निचरा काखेतल्या ग्रंथीकडे, मागच्यांचा जांघेतल्या ग्रंथीकडे होतो. नुसत्या हाताने निर्णय देऊ नका. सुजलेली ग्रंथी कधी फक्त जंतुसंसर्गाची असते, आणि हाताला साधी लागलेली ग्रंथी आतून कर्करोगाने व्यापलेली असू शकते. सुईने नमुना घेऊन तपासणं हाच मार्ग. ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या की गाठ कितीही लहान असली तरी आजाराच्या पाच टप्प्यांपैकी चौथा, आणि फुफ्फुसात किंवा इतर दूरच्या अवयवात पसरल्यावर पाचवा.

छातीचे एक्स-रे तीन हवेत: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणं. एकाच कुशीवरच्या फोटोत खालच्या बाजूचं फुफ्फुस दबलेलं असतं आणि त्यातला डाग लपतो. काही मिलिमीटरचे डाग तिन्ही फोटोंतही दिसत नाहीत. म्हणून 'छाती स्वच्छ' याचा अर्थ 'आज दिसण्याइतकं काही नाही' एवढाच घ्या.

बायोप्सी मात्र नीट पाठवली तरच उपयोगाची. या गाठीत सुईचा नमुना साधी की कर्करोगाची हे भरवशाने सांगत नाही. काढलेली पूर्ण गाठ पाठवा, आणि गाठी चार असतील तर चारही, वेगवेगळ्या बरण्यांत, जागा लिहून. एकाच कुत्रीत एक गाठ साधी आणि शेजारची घातक असं खूपदा निघतं. 10 टक्के फॉर्मॅलिन गाठीच्या दसपट हवं आणि बरणी रुंद तोंडाची, कारण ऊतक कडक झाल्यावर अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. मोठ्या गाठीला एका बाजूने पावासारखे काप द्या, पण सुटे करू नका. नाहीतर फॉर्मॅलिन आत पोचण्याआधीच मधला भाग कुजतो. सुईच्या स्लाइड त्याच डब्यात ठेवू नका, फॉर्मॅलिनच्या वाफेने त्या खराब होतात.

रिपोर्ट आला की आधी ग्रेड शोधा, म्हणजे गाठ किती घातक आहे याची पायरी; आकडा जितका मोठा तितकी वाईट. पेशींनी केलेली नळ्यांची रचना, पेशींच्या केंद्रकांचा बेढबपणा आणि पेशीविभाजन यांना प्रत्येकी 1 ते 3 गुण मिळतात. बेरीज 3 ते 5 म्हणजे पहिला ग्रेड, 6-7 दुसरा, 8-9 तिसरा. नंतर रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत कर्करोगाच्या पेशी शिरल्याची नोंद आहे का बघा. ती असेल तर कडा स्वच्छ (काढलेल्या भागाच्या काठावर कर्करोग नाही) असूनही निर्धास्त होऊ नका. कर्करोगाचे मिश्र आणि कॉम्प्लेक्स (एकाहून जास्त तऱ्हेच्या पेशींचे) प्रकार त्यामानाने सौम्य, सॉलिड (नळ्या न बनवणारा, भरीव) आणि मूळ पेशींशी साम्य न उरलेला अ‍ॅनाप्लास्टिक वाईट.

एक प्रकार वेगळाच. आचळांची अख्खी रांग लाल, गरम, घट्ट सुजलेली, हात लावू न देणारी, कधी मागचा पायही सुजलेला. पिलं पाजत नसताना असं दिसलं तर स्तनदाह समजून नुसत्या प्रतिजैविकांवर आठवडे घालवू नका. हा दाहक कर्करोग असू शकतो. त्यात त्वचेच्या लसिकावाहिन्याच भरलेल्या असतात, म्हणून शस्त्रक्रियेचा सहसा उपयोग होत नाही, आणि हिशोब आठवड्यांचा किंवा फार तर काही महिन्यांचा असतो. तिथे वेदना कमी करणं हेच पहिलं काम.

डॉक्टर 'मध्यक आयुष्य' सांगतील. त्याचा अर्थ अर्ध्या कुत्र्या त्याआधी गेल्या, अर्ध्या त्यानंतरही जगल्या. तुमच्या कुत्रीची ती शेवटची तारीख नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी उरलेली आचळं, ग्रंथी आणि छाती तपासून घ्या. घरी ती गाढ झोपली असताना मिनिटभर श्वास मोजा. तो वारंवार 30 च्या वर जात असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता एक्स-रे काढा.